पृथ्वीचा खरा आकार कोणता? आणि उपग्रह नव्हते तेव्हा तो कळला कसा?

दूरचा_किनारा:
मंडळी, एक शंका आहे, कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर सांगा. शाळेत आधी शिकवलं पृथ्वी गोल आहे, पुढच्या इयत्तेत पुस्तक म्हणायला लागलं की अगदी गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, आणि आता नेटवर जिकडेतिकडे तो रंगीत व्हिडिओ फिरतोय ज्यात पृथ्वी ओबडधोबड बटाट्यासारखी दिसते आणि खाली लिहिलेलं असतं 'पृथ्वीचा खरा आकार'. मग अंतराळातून काढलेल्या फोटोत ती एवढी गुळगुळीत कशी दिसते? तिन्हीतलं खरं काय मानायचं?

दुसरं म्हणजे तो चपटेपणा. विषुववृत्तापाशी त्रिज्या ध्रुवापेक्षा २१ किलोमीटरने जास्त आहे असं वाचलं. एवढ्या मोठ्या गोळ्यात हे डोळ्याला दिसणं शक्यच नाही, आणि लोकांना म्हणे तीनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. विमान नाही, उपग्रह नाही, ध्रुवावर तर तेव्हा माणूस पोचलाही नव्हता. मग कळलं कसं? नुसतं 'न्यूटनने सांगितलं' एवढं उत्तर नको, त्याला तरी कशावरून कळलं ते हवंय.

गणिताचा_नाद:
तिन्ही खरं आहे, तुम्ही किती बारीक मोजताय त्यावर उत्तर बदलतं.

आकडे आधी देतो. विषुववृत्तावर त्रिज्या ६३७८.१ किलोमीटर, ध्रुवावर ६३५६.८, फरक २१.४. म्हणजे साधारण तीनशेत एक भाग. आता टेबलावर ठेवतात तसा ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि त्याला हुबेहूब खऱ्या आकाराचा करायचं ठरवा, तर त्याची उभी उंची आडव्या मापापेक्षा फक्त १ मिलिमीटरने कमी करावी लागेल, आणि अख्खा एव्हरेस्ट त्यावर ०.२ मिलिमीटर उंचीचा येईल, बोट फिरवलंत तर जेमतेम जाणवेल. त्यामुळे फोटोत ती गोलच दिसणार, फोटो खोटा नाही.

बटाट्याचं म्हणाल तर त्यातले उंचवटे-खळगे खरेच आहेत पण ते जास्तीत जास्त शंभरेक मीटरचे, आणि दिसावेत म्हणून चित्रात हजारो पट ताणून दाखवलेत. ज्यांनी मूळ चित्र बनवलं त्यांनी हे स्पष्ट सांगितलेलं असतं, पण फॉरवर्ड होताना ती ओळ गळते आणि खाली 'खरा आकार' असं येतं, याचा मला खरंच त्रास होतो, कारण इतकं सुंदर मोजमाप आणि लोकांपर्यंत पोचतं ते चुकीच्या अर्थाने. शिवाय ते डोंगरदऱ्यांचं चित्र नाहीच, ते वेगळं प्रकरण आहे, त्याला जिऑइड म्हणतात, म्हणजे समुद्रसपाटी जमिनीखालूनही सगळीकडे नेली तर बनणारा पृष्ठभाग, कोणीतरी त्यावर लिहाच.

लंबक_आणि_काटा:
'कशावरून कळलं' याचं उत्तर: घड्याळ मागे पडलं म्हणून. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

१६७२ साली ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोल-निरीक्षक दक्षिण अमेरिकेत कायेनला पोचला, विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंश उत्तरेला. गेला होता मुख्यतः मंगळाची निरीक्षणं घ्यायला. सोबत पॅरिसमध्ये नीट लावून घेतलेलं लंबकाचं घड्याळ. ते घड्याळ कायेनला दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. रोज ताऱ्यांशी ताडून बघत होता त्यामुळे चूक असण्याचा प्रश्न नव्हता. शेवटी लंबक थोडासा आखूड केला, पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा वेळ जुळली. आणि तेच घड्याळ पॅरिसला परत आणल्यावर पुढे धावायला लागलं!

आता पहिला विचार कोणाच्याही मनात येतो की तिकडे उकाडा जास्त, धातूचा दांडा तापून लांबला असेल, लंबक लांबला की हळू चालतो. तेव्हाही हीच शंका घेतली गेली. पण हिशोब करून बघा, लोखंडी दांडा २० अंशांनी जास्त तापला तरी त्यामुळे घड्याळ दिवसाला दहाच सेकंद मागे पडेल. इथे तर दीडशे सेकंद होते. म्हणजे उष्णतेच्या पलीकडे काहीतरी होतं, आणि लंबकाची गती दांड्याच्या लांबीशिवाय दुसऱ्या एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे खाली ओढणारं गुरुत्व. म्हणजे कायेनला वस्तू पॅरिसपेक्षा हलक्या होत्या. तराजूत टाकून हे कधीच कळलं नसतं कारण वजनंही तेवढीच हलकी होतात, लंबकाला मात्र कळलं.

न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात हे निरीक्षण वापरलं. त्याची मांडणी अशी, की कल्पना करा ध्रुवापासून पृथ्वीच्या मध्यापर्यंत एक विहीर खणली आणि विषुववृत्तापासून मध्यापर्यंत दुसरी, दोन्ही मध्यात जोडल्या आणि पाण्याने भरल्या. पृथ्वी फिरतेय, त्यामुळे विषुववृत्ताच्या विहिरीतलं पाणी बाहेर फेकलं जाऊ बघतं, म्हणजे त्याचं वजन थोडं कमी भरतं. ध्रुवाच्या विहिरीत तसं काही नाही. मग दोन्ही बाजू तोलून धरायच्या तर विषुववृत्ताकडचा पाण्याचा स्तंभ जास्त उंच असायला हवा. बस, एवढंच. पृथ्वी मध्यावर फुगलेलीच असली पाहिजे. त्याने आकडा काढला २३० मध्ये १ भाग.

खरा आकडा २९८.२६ मध्ये १. मग न्यूटन चुकला का? त्याने पृथ्वी आतून-बाहेरून सारख्याच घनतेची धरली होती. हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६९० मध्ये दुसरं टोक घेतलं, जणू सगळं गुरुत्व मध्यबिंदूतूनच येतं, त्याचा आकडा आला ५७८ मध्ये १. खरी पृथ्वी या दोघांच्या मधे बसते, याचा अर्थ पृथ्वीचा गाभा वरच्या खडकांपेक्षा बराच जड आहे, पण सगळं वस्तुमान तिथेच गोळा झालेलं नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, की नुसता बाहेरचा चपटेपणा मोजून हजारो किलोमीटर आत काय आहे याचा अंदाज येतो, तिथे कोणी पोचलेलं नसताना.

पण तेव्हा हे सगळ्यांना पटलं नाही. फ्रान्समध्ये ज्याक कासिनीने देशभर जमीन मोजून १७१८ मध्ये उलटंच सांगितलं, पृथ्वी ध्रुवांकडे निमुळती लांबट आहे म्हणून. वीस वर्षं वाद चालला. मग प्रत्यक्ष जाऊन मोजायचं ठरलं.

दूरचा_किनारा:
वा, घड्याळाचं माहीतच नव्हतं, मनापासून धन्यवाद. त्या मोहिमांबद्दल थोडं वाचलं आत्ताच आणि तिथेच अडलो. म्हणे ध्रुवाकडे अक्षांशाचा एक अंश लांब भरला, म्हणून पृथ्वी तिथे चपटी. हे उलटं नाही का वाटत? ध्रुव मध्यबिंदूच्या जवळ आहे, त्रिज्या लहान आहे, मग एक अंशाचं अंतरही लहानच यायला हवं ना?

ओळंबा:
@दूरचा_किनारा इथे भलेभले गोंधळतात. गोची अशी आहे की आपण अंश पृथ्वीच्या मध्यापासून मोजतोय असं मनात धरतो. पण मध्यापर्यंत कोण जाणार? जमिनीवर उभा असलेला माणूस अंश मोजतो तो ओळंबा आणि तारा यांच्यातल्या कोनावरून. ओळंबा सोडायचा, तो सांगतो 'खाली' कुठे, त्याच्या उलट 'वर', आणि त्या 'वर'पासून ठरलेला तारा किती कललाय ते बघायचं. मग सरळ उत्तरेला चालत राहायचं, तारा बरोब्बर एक अंशाने सरकेपर्यंत. जेवढं चाललात तेवढी त्या ठिकाणची एका अंशाची लांबी.

आता जमीन जिथे जास्त वळलेली आहे तिथे थोडं चाललं तरी ओळंब्याची दिशा भराभर बदलेल. जिथे जमीन सपाटीकडे झुकलेली आहे तिथे दिशा बदलायला खूप चालावं लागेल. एकदम सपाट असती तर कितीही चाला, बदललीच नसती. म्हणजे लांब अंश = कमी वळण = चपटा भाग. आकड्यात सांगायचं तर ध्रुवापाशी पृथ्वीच्या पृष्ठभागाचं वळण ६४०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळासारखं आहे, आणि विषुववृत्तापाशी उत्तर-दक्षिण वळण ६३३५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळासारखं. मध्यापासूनचं अंतर आणि वळणाची त्रिज्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सुटतं. कागदावर लंबगोल काढून त्याच्या कडेवर काटकोनात रेघा मारून बघा, लगेच दिसेल.

फरक किती म्हणाल तर आजच्या मापाने विषुववृत्तापाशी एक अंश ११०.५७ किलोमीटर, ध्रुवापाशी १११.६९. शंभरावर अकरा किलोमीटरमध्ये एक-सव्वा किलोमीटर पकडायचा होता, लाकडी काठ्या आणि कोनमापकं घेऊन.

फ्रेंच अकादमीने दोन तुकड्या पाठवल्या. १७३५ मध्ये एक गेली तेव्हाच्या पेरूत, आजच्या इक्वेडोरमध्ये, त्यात बूगेर, ला कोंदामीन, गोदँ ही मंडळी. दुसरी १७३६ मध्ये मोपेर्त्युईच्या नेतृत्वाखाली लॅपलँडला, म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाला, तिच्यात क्लेरो होता आणि स्वीडनचा सेल्सियसही, तोच तापमानाचा. लॅपलँडवाल्यांना पायारेषा, म्हणजे ज्यावर पुढचे सगळे त्रिकोण उभे राहतात ती पहिली रेघ, मोजायला सरळ सपाट जागा हवी होती, ती कुठे मिळाली तर गोठलेल्या तोर्न नदीवर, डिसेंबरच्या अंधारात आणि थंडीत, काठीला काठी लावत जवळपास १४ किलोमीटर. एवढं पायारेषेचं अंतर काठीने मोजायचं आणि पुढचं सगळं त्रिकोणांवरून, टेकडी-टेकडीवर खुणा उभारून. ते १७३७ मध्ये परतले आणि त्यांचा अंश फ्रान्समधल्या अंशापेक्षा स्पष्ट लांब निघाला. पुढे कळलं की त्यांच्या मापात बरीच चूक होती, खऱ्यापेक्षा जास्तच लांब आला होता, पण चपटी की लांबट या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं.

पेरूवाल्यांची मात्र फार परवड झाली. अँडीजमधले उंच डोंगर, आपसातली भांडणं, पैशांची ओढाताण, बूगेर १७४४ ला फ्रान्समध्ये परत पोचला तर ला कोंदामीन त्याच्याही नंतर, ॲमेझॉनमार्गे. पण माझ्या मते काम त्यांचंच जास्त कसाचं. बूगेरने तिथे एक प्रयोग केला, चिंबोराझो पर्वताशेजारी ओळंबा धरून बघितला की पर्वत त्याला आपल्याकडे ओढतो का. मापं फार चोख नव्हती पण ओढतो हे दिसलं. म्हणजे ज्या ओळंब्यावर सगळी मोजणी उभी तोच डोंगराशेजारी किंचित तिरपा होतो. जिऑइडचं बीज इथेच आहे, पण ते जाणकारांनी लिहावं.

स्वतः_बघणार:
सगळं छान लिहिताय. पण हे झालं मोठ्या मोहिमांचं. मला कोणी सांगितलं की फोटो खोटे, पुस्तकं खोटी, तर साध्या माणसाने स्वतःच्या हाताने काय तपासायचं? ती विहिरीतल्या सूर्याची गोष्ट सगळे सांगतात, तेवढी पुरते का?

गणिताचा_नाद:
एकटी ती गोष्ट पुरत नाही, आणि हे सहसा कोणी सांगत नाही.

ती गोष्ट ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसची, इसवी सनापूर्वी तिसरं शतक. सायीनला (आजचं आस्वान) उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारी सूर्य डोक्यावर, विहिरीच्या तळापर्यंत ऊन, सावली नाही. उत्तरेला सुमारे ८०० किलोमीटरवर अलेक्झांड्रियाला त्याच वेळी काठीच्या सावलीवरून सूर्य ७.२ अंश कललेला. ७.२ म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून परीघ ८०० च्या पन्नासपट, ४०,००० किलोमीटर. सुरेख. पण त्याने पृथ्वी गोल आणि सूर्य फार लांब हे आधीच धरलं होतं. जमीन सपाट धरली आणि सूर्य साधारण ६३०० किलोमीटर उंचीवर टांगलेला धरला तरी सायीनला शून्य आणि अलेक्झांड्रियाला ७.२ हेच येतं! दोन ठिकाणांवरून निवाडा होत नाही.

तिसरं ठिकाण घ्या. सूर्य जिथे डोक्यावर आहे तिथून ८००० किलोमीटर लांब. गोल पृथ्वीच्या हिशोबाने सूर्य तिथे ७२ अंश कललेला हवा, म्हणजे क्षितिजापासून फक्त १८ अंश वर. सपाट जमिनीच्या हिशोबाने ५२ अंशांच्या आतच, म्हणजे चांगला वर. वीस अंशांचा फरक, साध्या उभ्या काठीने आणि फूटपट्टीने कळेल इतका. आज जगात दूर दूर ओळखीचे लोक असतात, एकाच दिवशी प्रत्येकाने आपापल्या मध्यान्हीला, म्हणजे सावली सगळ्यात आखूड असते तेव्हा, सावली मोजून कळवायची, एकाच रेखांशावर असायची गरजही नाही, फक्त उत्तर-दक्षिण अंतर हिशोबात घ्यायचं. मध्यान्हीचे आकडे दर वेळी गोल पृथ्वीच्या बाजूनेच येतात. आणि सपाट जमिनीवर तर सूर्य मावळूच शकत नाही, तो कितीही लांब गेला तरी क्षितिजाच्या थोडा वरच राहील. रोज मावळतो तो.

चंद्रग्रहणही बघा. ॲरिस्टॉटलने दिलेला पुरावा आहे, पृथ्वीच्या सावलीची कड नेहमी गोल. चपटी थाळी असती तर चंद्र उगवताना-मावळताना होणाऱ्या ग्रहणात सावली रेघेसारखी पडली असती. कुठल्याही बाजूने प्रकाश पडला तरी सावली गोलच, असा आकार एकच असतो.

स्वतः_बघणार:
तीन ठिकाणांचं पटलं, करून बघतोच. थँक्यू.

भू_मापक:
जिऑइडवर कोणी लिहीना म्हणून येतो.

आधी एक विचित्र गोष्ट. अमेरिकेतली मिसिसिपी नदी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते, विषुववृत्ताच्या दिशेने, म्हणजे फुगवट्याच्या दिशेने. तिचं मुख उगमापेक्षा पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ६ किलोमीटर जास्त लांब आहे. म्हणजे पाणी वर चढतं? अजिबात नाही. 'वर-खाली' हे मध्यापासूनच्या अंतरावर ठरत नाही, गुरुत्व आणि पृथ्वीचं फिरणं दोन्ही मिळून जो ओढा तयार होतो त्यावर ठरतं. चिंबोराझोचंही तेच, समुद्रसपाटीपासून उंची ६२६३ मीटर, एव्हरेस्टपेक्षा अडीच हजार मीटरने बुटका, पण तो विषुववृत्ताजवळ असल्यामुळे त्याचं टोक मध्यापासून एव्हरेस्टच्या टोकापेक्षा दोन किलोमीटरने जास्त लांब आहे. आपण एव्हरेस्टलाच सर्वोच्च म्हणतो ते बरोबरच आहे, कारण उंची आपण समुद्रसपाटीपासून मोजतो.

आणि ही 'समुद्रसपाटी' जमिनीखालून सगळीकडे नेली, म्हणजे वारा-भरती-प्रवाह काही नसताना पाणी जिथे स्थिरावेल तो पृष्ठभाग, तो म्हणजे जिऑइड. पृथ्वीच्या आत कुठे जड कुठे हलकं साहित्य आहे, त्यामुळे हा पृष्ठभाग गुळगुळीत लंबगोलापेक्षा कुठे वर कुठे खाली जातो. न्यू गिनीच्या बाजूला सुमारे ८५ मीटर वर, आणि जगातला सगळ्यात खोल खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात, सुमारे १०६ मीटर खाली. तिथून जहाज गेलं तर उतार जाणवत नाही, कारण ओळंबा त्या पृष्ठभागाला नेहमी काटकोनातच असतो, तिथल्या माणसाला पाणी सपाटच. ओबडधोबड बटाटा दाखवतात तो हाच.

हे मोजलं कसं, तर उपग्रह पडू देऊन. उपग्रह म्हणजे सतत पडणारी वस्तूच, पृथ्वीचा ओढा जरा बदलला की त्याची वाट बदलते. १९२४ पासून जगभर चपटेपणाचा आकडा २९७ मध्ये १ असा वापरत होते, १९५७-५८ मध्ये पहिले उपग्रह सुटले आणि थोड्याच काळात त्यांच्या कक्षा बघून तो २९८ च्या पुढे सरकवावा लागला, शतकानुशतकांच्या जमीनमोजणीला जमलं नव्हतं ते. व्हॅनगार्ड १ या त्यातल्याच एका उपग्रहाच्या कक्षेवरून तर उत्तर आणि दक्षिण भागही तंतोतंत सारखे नाहीत हेही दिसलं. आजही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा मधल्या फुगवट्याच्या ओढीमुळे रोज सुमारे ५ अंश पश्चिमेला सरकते, पृथ्वी नितळ गोल असती तर ती जवळजवळ जागेवर राहिली असती. पुढे २००२ मध्ये ग्रेसचे जोड-उपग्रह सोडले, एकामागे एक सुमारे २२० किलोमीटरवर. पुढचा जड भागाजवळ आला की आधी ओढला जातो, दोघांतलं अंतर वाढतं, मग मागचा ओढला जातो, अंतर कमी होतं. हे अंतर ते मिलिमीटरच्याही कितीतरी बारीक भागापर्यंत मोजत. इतकं बारीक, की ग्रीनलँडचं किती बर्फ वितळलं, कुठल्या प्रदेशातलं भूजल किती उपसलं गेलं तेही त्यातून कळलं. २००९ ते २०१३ गोसे उपग्रहाने आणखी खालून, २५५ किलोमीटरच्या आसपास उंचीवरून, याच कामात भर घातली.

दूरचा_किनारा:
@भू_मापक जबरदस्त. एक शेवटचं विचारतो, फोनमधल्या काही जीपीएस ॲप्समध्ये समुद्रकिनारी उभं राहिलं तरी उंची उणे पन्नास-साठ मीटर दाखवतात, ते ॲप बिघडलंय म्हणून असतं की याचाच काही संबंध?

भू_मापक:
याचाच. जीपीएस तुमची उंची मोजतं ती डब्ल्यूजीएस८४ नावाच्या गुळगुळीत लंबगोलापासून, त्याला समुद्र कुठे आहे हे माहीत नसतं. श्रीलंकेखालच्या त्या मोठ्या खळग्याची उतरण भारतीय उपखंडावरही पसरलेली आहे, दक्षिण टोकाला जिऑइड लंबगोलाच्या ९० मीटरच्या आसपास खाली आहे. त्यामुळे पाण्यात पाय बुडवून उभे असलात तरी कच्चा आकडा उणेच येणार. चांगली ॲप्स ईजीएम९६ सारखं जिऑइडचं कोष्टक वापरून त्या ठिकाणचा फरक जुळवून मग दाखवतात. सेटिंगमध्ये 'समुद्रसपाटीपासून उंची' असा पर्याय असेल तर तो चालू करा, आणि नसेल तर त्या भागाचा जिऑइडचा आकडा शोधून उंचीतून वजा करा. तो आकडा उणे असतो, त्यामुळे वजा केल्यावर उंची वाढते, एवढं लक्षात ठेवा.